व्यसनी माणसाच्या दारात विद्यार्थी पाठवण्याआधी

खानदेशातल्या एका समाजकार्य महाविद्यालयात नुकत्याच क्षेत्रकार्य मार्गदर्शक झालेल्या मॅडमनी विचारलं आहे: एमएसडब्ल्यूच्या दुसऱ्या वर्षाची मुलं आठवड्यातून दोन दिवस सिव्हिलच्या मानसोपचार विभागात आणि जवळच्या दोन गावांत जातात. व्यसनाधीनतेचं प्रकरण वर्गात शिकवून झालं, पथनाट्यही बसवलं. तरी अहवालात एकच वाक्य येतं, 'रुग्णास व्यसनाचे दुष्परिणाम समजावून सांगितले, रुग्णाने प्रतिसाद दिला नाही.' या मुलांना नेमकं काय आणि कसं शिकवावं? मुलींना पिणाऱ्यांच्या घरी पाठवावं का? आणि वर्षभरात कुणीच दारू सोडली नाही तर गुण कशावर द्यायचे?

मॅडम, तुमच्या विद्यार्थ्याने ज्याला दुष्परिणाम समजावून सांगितले, त्या माणसाला ते आधीच ठाऊक होते. बायकोने सांगितलेत, सासऱ्याने चारचौघांत सुनावलेत, डॉक्टरांनी सोनोग्राफीचा कागद दाखवून बजावलंय. तुमचा विद्यार्थी गेला आणि तेच आणखी एकदा सांगून आला. तो माणूस गप्प बसला, कारण त्याला कुणी काही विचारलंच नव्हतं.

इतकी वर्षं सिव्हिलमध्ये आणि गावांत काम करून, आणि मुलांचे अहवाल तपासून, माझं मत पक्कं झालंय. या मुलांना व्यसनाबद्दल आणखी माहिती द्यायची गरज नाही. त्यांचं बोलणं बदलायला हवं. आणि बोलणं व्याख्यानाने बदलत नाही. मुलाने बोलावं, ते कुणीतरी नीट ऐकावं, नेमकं कुठल्या वाक्याला समोरचा माणूस मिटला ते दाखवावं, आणि मुलाने पुन्हा बोलून पाहावं. दुसरा रस्ता मला तरी सापडलेला नाही.

हे माझ्या एकटीचं म्हणणं नाही. विल्यम मिलर यांनी १९८३ मध्ये मांडलेली आणि पुढे स्टीफन रोलनिक यांच्यासोबत वाढवलेली मोटिव्हेशनल इंटरव्ह्यूइंगची, म्हणजे उपदेश न करता माणसाच्याच तोंडून बदलाची इच्छा काढून घेण्याची, पद्धत तुमच्या अभ्यासक्रमात असेलच. त्याच मिलर यांनी सहकाऱ्यांसोबत २००४ मध्ये ही पद्धत शिकवण्याचे प्रकार ताडून पाहिले. नुसत्या कार्यशाळेत आलेलं कौशल्य पुढच्या महिन्यांत ओसरलं. ज्यांच्या मुलाखती नंतर ऐकून त्यावर अभिप्राय आणि मार्गदर्शन मिळत राहिलं, त्यांचं टिकलं. आपल्याकडे मात्र दोन दिवसांची कार्यशाळा होते, प्रमाणपत्रं वाटली जातात आणि प्रशिक्षण झालं असं धरलं जातं.

आपल्या जवळचं उदाहरण गोव्याचं आहे. संगाथ या संस्थेने तिथल्या प्राथमिक आरोग्य केंद्रांत केलेल्या अभ्यासाचे निष्कर्ष २०१७ मध्ये लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात छापून आले. घातक प्रमाणात पिणाऱ्या पुरुषांशी बोलणारे समुपदेशक मानसोपचाराची पदवी नसलेले, स्थानिक, याच कामासाठी तयार केलेले लोक होते. एका माणसाशी फार तर चार बैठका. तीन महिन्यांनी पाहिलं तेव्हा फक्त डॉक्टरांची नेहमीची सेवा मिळालेल्यांपैकी २६ टक्क्यांचं, तर या बैठकाही झालेल्यांपैकी ३६ टक्क्यांचं पिणं धोक्याच्या रेषेखाली आलं होतं. हे समुपदेशक एकमेकांच्या ध्वनिमुद्रित बैठका ऐकून त्यांना गुण देत आणि त्यावर चर्चा करत. म्हणजे तुमच्या एमएसडब्ल्यूच्या मुलांना हे जमणार नाही असं मुळीच नाही. जमण्यासाठी जी देखरेख लागते ती आपण देत नाही, एवढंच.

आता ते वर्गात कसं करायचं ते सांगते. एक मुलगा पिणारा माणूस होतो, एक समाजकार्यकर्ता, बाकीचे ऐकतात. पहिल्या वेळी संवाद बहुतेक असा होतो:

"काका, रोज पिल्याने लिव्हर खराब होतं. पोरांवर परिणाम होतो. तुम्ही सोडायला पाहिजे."

"हां भाऊ, सोडसू."

संपलं. 'सोडसू' म्हटलं की पाहुणा लवकर उठतो, हे त्या माणसाला कधीचं कळलेलं आहे. आता तोच प्रसंग पुन्हा करायला सांगा, फक्त दोन अटींवर: पहिली दहा मिनिटं कुठलाही सल्ला द्यायचा नाही, आणि माणसाने सांगितलेलं आपल्या शब्दांत परत म्हणून दाखवायचं.

"काका, कालचा दिवस सकाळपासून सांगा ना."

"सकायले उठनू तं हात कापेत. जराशी लिधी तवय बरं वाटनं. मंग वावरमा गऊ."

"म्हणजे ती पहिली घेतल्याशिवाय वावरात जाणं होत नाही."

"नही व्हत. पहिले आसं नव्हतं."

"पहिले कसं होतं?"

इथून पुढे तो माणूस बोलतो. जमिनीबद्दल, भावाशी झालेल्या वाटणीबद्दल, पोरीच्या लग्नाबद्दल बोलतो, आणि त्यात कुठेतरी "आता बस झालं" असं स्वतःच म्हणतो. विद्यार्थ्याने ते वाक्य पकडायला शिकायचं आहे. माणूस स्वतःच्या तोंडून बदलाची जी गोष्ट बोलतो, तिच्याशीच थांबायचं आणि विचारायचं, "बस झालं असं कशामुळे वाटलं?" बाकी बडबडीतून ते एक वाक्य ऐकू येणं हे कौशल्य आहे, आणि ते यायला अर्धं सत्र सहज लागतं.

अहिराणी बोलणाऱ्या मुलांना अहिराणीतच बोलू द्या. कॉलेजात शिकतो म्हणून मुलगा पुस्तकी मराठीत सुरू करतो आणि समोरचा लगेच साहेबाशी बोलावं तसं बोलू लागतो. यावल-रावेरकडे लेवा बोली, धडगाव-अक्कलकुव्याकडे पावरी किंवा भिली. भाषा येत नसेल तर ती येणारा सहविद्यार्थी किंवा आशाताई सोबत घ्यावी. घरातल्या लेकराला दुभाषा करू नये. बापाच्या पिण्याचे प्रश्न त्याच्या दहा वर्षांच्या पोरीच्या तोंडून विचारायचे, हे त्या पोरीवर ओझं आहे.

विचारण्यातला दुसरा भाग मोजमापाचा. "थोडीशी घेतो" या उत्तरावर मुलं थांबतात. त्यांना हिशेब शिकवा. १० ग्रॅम शुद्ध अल्कोहोल म्हणजे एक प्रमाण पेय (स्टँडर्ड ड्रिंक) धरतात. ४२.८ टक्के अल्कोहोल असलेल्या व्हिस्कीचा किंवा रमचा ३० मिलीचा पेग म्हणजे साधारण एक. म्हणजे १८० मिलीची क्वार्टर म्हणजे सहा. पाच टक्क्यांची ६५० मिलीची बिअर म्हणजे अडीच. गावठीचा असा हिशेब लागत नाही, कारण तिची तीव्रता धारेगणिक बदलते. तिथे पिशव्या किंवा ग्लास किती, पैसे किती, आणि दिवसात पहिली किती वाजता, हे विचारावं. पिणं किती धोक्याचं आहे ते तपासणारी जागतिक आरोग्य संघटनेची ऑडिट प्रश्नावली दहा प्रश्नांची आहे, गुण ० ते ४०. ८ किंवा जास्त आले तर धोका, २० किंवा जास्त आले तर अवलंबित्वाची दाट शंका. ती मुलांकडून आधी एकमेकांवर भरून घ्या. वाचून दाखवायचा फॉर्म म्हणून ती वापरली तर फुकट जाते, गप्पांच्या ओघात विचारली तर तिच्यातून पुष्कळ हाती लागतं.

आता ज्या विषयावर मी सगळ्यात जास्त आग्रही आहे, तो. समाजकार्याच्या मुलांना आपण दारू सोडण्यातला शारीरिक धोका शिकवत नाही. 'आजपासून बंद' या निर्धाराचं टाळ्या वाजवून स्वागत करतो. रोज सकाळपासून पिणाऱ्या माणसाने अचानक बंद केली तर पहिल्या दिवसातच थरथर, घाम, उलट्या, झोप उडणं सुरू होतं. पहिल्या दोन दिवसांत फिट येऊ शकते. दुसऱ्या ते चौथ्या दिवसाच्या दरम्यान काहींना भ्रम होतो, नसलेली माणसं-किडे दिसतात, ताप येतो, ठिकाण-वेळ कळेनाशी होते. याला डिलिरियम ट्रेमेन्स म्हणतात आणि उपचार नाही मिळाले तर माणूस दगावू शकतो.

आपल्या भागात हे नेमकं कधी घडतं ते मुलांना ठाऊक हवं. श्रावण लागला, नवरात्रात घट बसले, आषाढीला माळ घातली, की माणसं एका दिवसात बंद करतात. हाड मोडून वॉर्डात भरती झालेला माणूस तिथे दारू मिळत नाही म्हणून आपोआप बंद होतो, आणि तिसऱ्या रात्री उठून पळायला लागतो. नातेवाईक म्हणतात बाहेरचं लागलं, आणि अंगारा आणायला निघतात. अशा वेळी वॉर्डात बसलेल्या विद्यार्थ्याला इतकं जरी कळलं की हा प्रश्न विचारायचा, 'शेवटची कधी घेतली होती, आणि याआधी बंद केल्यावर फिट आली होती का,' आणि उत्तर तातडीने सिस्टरला आणि डॉक्टरांना सांगायचं, तर जीव वाचतो. नीट न जेवता वर्षानुवर्षं पिणाऱ्याच्या शरीरात थायमिन हे जीवनसत्त्व संपत आलेलं असतं. ते न देता ग्लुकोज चढवलं तर मेंदूला इजा होऊ शकते. औषध देणं विद्यार्थ्याचं काम नाही. पण पिण्याची माहिती केसपेपरवर पोचवणं त्याचंच काम आहे. गावठी पिऊन कुणाला धुरकट दिसायला लागलं, पोटात कळ आली, श्वास जोरात चालू झाला, तर मिथेनॉलची शंका धरून त्याच क्षणी दवाखाना. झोपू द्या, उतरेल, असं म्हणायचं नाही. अल्प्राझोलम, नायट्राझेपामसारख्या गोळ्या, ज्यांना धुळ्या-मालेगावकडे 'कुत्ता गोळी' म्हणतात, त्याही एकदम बंद केल्या तर फिट येऊ शकते.

यातूनच एक सुचवते. मुलांना फक्त मानसोपचार विभागात बसवू नका. एम्सच्या राष्ट्रीय व्यसन उपचार केंद्राने २०१९ मध्ये जाहीर केलेल्या देशव्यापी पाहणीत असं दिसलं की दारूवर अवलंबून असलेल्या ३८ जणांमागे जेमतेम एकाला कसला ना कसला उपचार मिळतो. बाकीचे ३७ मानसोपचाराच्या ओपीडीत येतच नाहीत. ते अस्थिरोग वॉर्डात असतात, मेडिसिनमध्ये पोट फुगून पडलेले असतात, क्षयरोगाच्या गोळ्या अर्धवट सोडून पुन्हा आलेले असतात, विष प्यायल्यामुळे भरती झालेले असतात. एक दिवस मानसोपचारात आणि एक दिवस त्या वॉर्डांत, अशी वाटणी सिव्हिलच्या अधीक्षकांशी बोलून करता येते.

विषाचा उल्लेख आला म्हणून: आपला कापसाचा मुलूख आहे, घराघरांत फवारणीची बाटली असते. प्यायलेल्या अवस्थेत भांडण, आणि हाताशी बाटली, यात विचाराला वेळच राहत नाही. विद्यार्थ्याला 'जीव द्यावा असं मनात येतं का' हे सरळ विचारता आलं पाहिजे. विचारल्याने विचार डोक्यात घातला जातो ही भीती खोटी आहे. उत्तर हो आलं तर माणसाला एकटं सोडायचं नाही, औषधाची बाटली घरातून हलवायला घरच्यांना सांगायचं, मार्गदर्शकाला फोन करायचा. टेली मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा क्रमांक चोवीस तास चालतो. व्यसनमुक्तीसाठी १४४४६ आहे. दोन्ही क्रमांक मुलांना पाठ हवेत.

बायकोशी वेगळं बोलायला शिकवा. मुलं घरी जातात, नवरा-बायकोला समोरासमोर बसवतात आणि वहिनींना विचारतात, "हे मारतात का?" ती नाही म्हणते. दुसरं काय म्हणणार? तिला एकटीला भेटावं, आणि आधी तिचं विचारावं: ती झोपते का, घरात पैसे कुणाच्या हाती, रात्री वेळ आली तर कुणाच्या घरी जाता येईल, कागदपत्रं कुठे आहेत. २००५ चा कौटुंबिक हिंसाचाराचा कायदा, संरक्षण अधिकारी, सखी केंद्र, १८१ आणि ११२ हे क्रमांक, हे तिला त्या दिवशी नको असलं तरी तिच्यापर्यंत पोचलेलं असावं. तो दारू सोडेल तेव्हा मार थांबेल, या आशेवर तिला ठेवू नये. पिणं थांबवणं आणि मार थांबवणं ही दोन वेगळी कामं आहेत आणि पहिलं होईपर्यंत दुसरं अडवून ठेवायचं नसतं.

तिच्याकडून एक गोष्ट हमखास निघते: चहातून, भाजीतून गुपचूप दिलेलं औषध. 'न सांगता दारू सोडवा' अशा जाहिराती एसटी स्टँडच्या भिंतींवर असतातच. त्या पुडीत काय असतं कुणालाच माहीत नसतं. डायसल्फिराम या दारू सोडवण्याच्या औषधाची गोळी असेल आणि त्या माणसाने वर दारू घेतली, तर चेहरा लालबुंद होतो, छाती धडधडते, रक्तदाब कोसळतो. हृदयविकार असलेला माणूस त्यात जाऊही शकतो. हे औषध चांगलं आहे, पण घेणाऱ्याला ठाऊक असताना, त्याच्या मर्जीने आणि डॉक्टरांच्या देखरेखीखाली. वहिनींना दोष न देता हे सांगायला विद्यार्थ्याला जमलं पाहिजे, कारण तिने ते हतबल होऊन केलेलं असतं.

कायद्याचं थोडक्यात. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्यात दारू आणि अमली पदार्थांच्या अतिसेवनाशी जोडलेल्या मानसिक अवस्थाही मानसिक आजाराच्या व्याख्येत आहेत, म्हणून त्यातले रुग्णहक्क या माणसांनाही लागू होतात. साखळीने बांधायला त्या कायद्याची मनाई आहे. एखाद्या खासगी केंद्रात कोंडणं, मारणं दिसलं तर ते 'शिस्तीचा भाग' म्हणून अहवालात लिहायचं नाही, तुम्हाला येऊन सांगायचं. गांजा किंवा गोळ्यांच्या बाबतीत लोक पोलिसांच्या भीतीने दवाखान्यात येत नाहीत. सेवनाच्या किंवा अल्प प्रमाणाच्या गुन्ह्यातला व्यसनी माणूस स्वतःहून मान्यताप्राप्त ठिकाणी उपचाराला आला तर १९८५ च्या एनडीपीएस, म्हणजे अमली पदार्थांच्या कायद्याचं कलम ६४अ त्याला खटल्यापासून संरक्षण देतं, एवढं त्यांना सांगता आलं पाहिजे.

आपल्या भागाचं पंचांग क्षेत्रकार्याच्या वेळापत्रकात बसवा. हे कुठल्याच पाठ्यपुस्तकात मिळणार नाही. मुलांचं क्षेत्रकार्य जून-जुलैत सुरू होतं, दिवाळीपर्यंत कुठे ओळख जमते, आणि तेवढ्यात ऊसतोडीची उचल घेतलेली घरं बाहेर पडतात; चाळीसगावकडून, नंदुरबारच्या डोंगरातून, कुणी साखरपट्ट्यात, कुणी गुजरातेत. ती परततात तेव्हा तुमच्या परीक्षा असतात. म्हणून दसऱ्याच्या आधीच विद्यार्थ्याने त्या माणसाशी बसून पुढच्या सहा महिन्यांचं ठरवावं: कोपीवर (ऊसतोडीच्या झोपडीवर) दारू कोण आणतो, मजुरी कुणाच्या हातात पडते, गोळ्या किती दिवसांच्या सोबत, फोन कोणत्या वारी करायचा. आठवडे बाजार, लग्नसराई, पोळा, अखाजी (अक्षय्य तृतीया), सातपुड्यात होळीआधीचे भोंगऱ्याचे बाजार, हे पिण्याचे दिवस आहेत. पुन्हा पिणं बहुतेक अशाच दिवशी होतं. ते होणार हे धरून दुसऱ्या दिवशी सकाळी विद्यार्थ्याने काय बोलायचं याचा सराव आधी करून घ्या. "काका, तुम्ही शब्द दिला होता" हे वाक्य त्या दिवशी चालत नाही. "दोन महिने नाही घेतली, मग परवा काय झालं?" हे चालतं, कारण त्यात दोन महिने मोजले जातात.

डोंगराकडच्या गावांत जाणाऱ्या मुलांना एक समज वेगळी द्यावी लागते. भिल्ल, पावरा समाजात मोहाची दारू देवाला वाहतात, जन्म-लग्न-मरण या तिन्ही वेळी तिला स्थान आहे. सपाटीवरचा मुलगा जातो आणि अख्ख्या पाड्याला व्यसनी ठरवून येतो. देवाची धार टाकणं वेगळं, सणाला पिणं वेगळं आणि सकाळी हात कापतात म्हणून पिणं वेगळं. विद्यार्थ्याला हे तिन्ही ओळखता यावेत. दुसरीकडे, 'त्यांची संस्कृतीच आहे' म्हणून आजारी माणसाला सोडून देणंही चुकीचं. दारूच्या विरोधातली परंपराही तिथलीच आहे: तळोद्याजवळच्या मोरवडच्या गुलाम महाराजांनी १९३० च्या दशकात हजारो आदिवासींना दारू सोडायला लावली, आणि 'आप की जय' म्हणणारे त्यांचे अनुयायी आजही आहेत. १९७२ च्या सुमारास शहाद्यात अंबरसिंग सुरतवंती यांच्या श्रमिक चळवळीच्या काळात भिल्ल बायकांनी गावोगाव दारूची मडकी फोडली. हा इतिहास वर्गात एक तास तरी शिकवा. व्यसनमुक्ती बाहेरून आणून द्यायची वस्तू आहे असं मग मुलांना वाटत नाही.

माळेचंही तसंच. शिकलेली मुलं माळकऱ्याला अंधश्रद्ध समजतात. मी असं पाहिलंय की माळ घातलेल्या माणसाला गावातलं कुणी पिण्याचा आग्रह करत नाही, संध्याकाळी त्याला हरिपाठाची जागा मिळते, नवे सोबती मिळतात. उपचारानंतर नेमकं हेच आपण शोधत असतो. आधी डॉक्टर, अंगातली दारू सुरक्षितपणे उतरवणं, आणि मग हवी तर माळ. या क्रमाने दोन्ही एकत्र चालतात. अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमस या दारू सोडू पाहणाऱ्यांच्या मदतगटाची खुली सभा जवळ असेल तर मुलांना तिथे बसवा, वही बाहेर ठेवून. पुण्याच्या मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्रात १९८६ पासून काम चालू आहे आणि तिथून बरे झालेले कितीतरी जण पुढे समुपदेशक झाले. तुमच्या गावातही वर्षानुवर्षं न प्यालेली दोन-चार माणसं सापडतील. त्यांना शिक्षक म्हणून बोलवा आणि मानधन द्या. वर्गातल्या सरावात पिणाऱ्या माणसाच्या जागी त्यातलं कुणी बसलं की मुलांचं पढवलेलं बोलणं पहिल्याच मिनिटाला गळून पडतं.

एक नाजूक गोष्ट. तुमच्या वर्गात अशी मुलं-मुली आहेत ज्यांच्या स्वतःच्या घरी वडील पितात, भाऊ पितो. आपल्याकडे समाजकार्याला येणारी बरीच मुलं कष्टकरी घरांतली आहेत, आणि काही तर या अनुभवामुळेच या शिक्षणाकडे वळलेली असतात. अशी मुलगी वॉर्डात वडिलांच्या वयाच्या माणसासमोर बसते तेव्हा एकतर तिचा आवाज कडक होतो, नाहीतर ती त्याला वाचवायचंच म्हणून रोज फोन करत बसते. दोन्ही ठिकाणी तिला आधार हवा. पण वर्गात सगळ्यांसमोर 'आपापले अनुभव सांगा' असा खेळ घेऊ नका. वैयक्तिक चर्चेत तुम्ही एवढंच म्हणा की अनेकांच्या घरी हा प्रश्न असतो, बोलावंसं वाटलं तर मी आहे, आणि हे क्षेत्र यंदा नको वाटलं तर बदलून देईन, कारण विचारणार नाही. तो पर्याय खरोखर द्या. आणि जी मुलं स्वतः तंबाखू किंवा गुटखा खातात, त्यांच्याकडून त्यांचा स्वतःचा आठवडाभराचा हिशेब लिहून घ्या, शिक्षा म्हणून नाही. एक दिवस पुडीशिवाय काढताना काय होतं हे ज्याने अनुभवलं, तो 'इच्छाशक्ती नाही' असं अहवालात लिहीत नाही.

मुलींना पाठवावं का? पाठवावं. अनेक घरांत वहिनींशी बोलणं मुलींनाच शक्य असतं. पण नियम मुलग्यांनाही तेच असावेत: जोडीने जाणं, आशाताईला किंवा अंगणवाडी सेविकेला सांगून जाणं, ओट्यावर किंवा दारात बसणं, बाजाराच्या दिवशी दुपारनंतर न जाणं, परतीची एसटी सुटेल अशी वेळ न घेणं, स्वतःचा नंबर न देता महाविद्यालयाचा देणं. माणूस प्यालेला असेल तर बैठक घ्यायची नाही; रामराम घालायचा, पुन्हा येतो म्हणायचं आणि निघायचं. आणि व्यसनमुक्तीचं नाव छापलेलं जॅकेट किंवा पिशवी घेऊन कुणाच्या दारात जाऊ नये. गावात त्या घरावर शिक्का बसतो. वाटेतली आणखी चार घरं विचारपूस करत गेलं की कुणाचं लक्ष एका घरावर राहत नाही.

राहिले गुण. किती जणांनी दारू सोडली यावर एकही गुण देऊ नका. दिलात तर मुलं खोटे अहवाल लिहायला शिकतील. सत्राच्या सुरुवातीची एक मुलाखत आणि शेवटची एक, दोन्ही शब्दशः लिहून घ्या. त्या माणसाची लेखी संमती असेल आणि नाव-गाव काढून टाकलं असेल तर ध्वनिमुद्रण उत्तम, नसेल तर त्याच संध्याकाळी आठवून लिहिलेलं चालेल. दोन्ही शेजारी ठेवून मोजा: विद्यार्थी किती बोलला आणि माणूस किती, 'हो-नाही' वर संपणारे प्रश्न किती, माणसाच्या तोंडून आलेलं बदलाचं वाक्य विद्यार्थ्याने पकडलं की सोडलं. त्याशिवाय शेवटची कधी घेतली, बंद केल्यावर काय त्रास होतो, जीव देण्याचे विचार येतात का, बायकोची स्वतंत्र भेट आणि स्थलांतराच्या काळाचं नियोजन, या नोंदी आहेत का ते पाहा.

अहवालाच्या छापील नमुन्यात 'दिलेला सल्ला' असा रकाना असेल तर तो काढून तिथे 'त्या व्यक्तीचे स्वतःचे शब्द' असा रकाना घाला. विद्यापीठाचा नमुना बदलता येत नसेल तर वेगळा कागद जोडून घ्या, आणि दर आठवड्याच्या वैयक्तिक चर्चेत आधी तोच कागद वाचा.